तुळशीच्या लग्नातले वऱ्हाडी

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार
आजपासून तुळशीची लग्नं. सकाळी खळं सारवलं, वृंदावन रंगवलं, ऊस आणि दिंड्याची काठी बांधली, चिंचा-आवळे ठेवले. वाडीत घरांची पाळी ठरलेली, आमचं घर पाचवं. भटजींच्या आधी विधानसभेचे प्रचारवाले हजर! सहा जण, गळ्यात उपरणी, हातात मतदारयादी. रस्त्यावर रिक्षाचा भोंगा चालूच. काकी पडवीतूनच ओरडली, "लगीन लागता हा, भोंगो बंद करा!" भोंगा बंद झाला. मंडळींनी चपला काढल्या, उपरणी खिशात कोंबली. एकाने तर अंतरपाटाचं टोकच धरलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पोहे-गूळ-खोबरं वाटून झालं आणि मगच पत्रकं बाहेर निघाली. काकी म्हणाली, "मत तुमकाच देतलंव, आधी पोहे खावा."

१४ नोव्हेंबर
आज दुसऱ्या चिन्हाची मंडळी. काकीचं वाक्य तेच, पोहेही तेच. याला खोटं म्हणवत नाही. दारात आलेल्याला 'नाय' म्हणायची इथे रीतच नाही. कार्यकर्तेही इथलेच, त्यांना हे ठाऊक असतं. यादीत पेन्सिलीने खुणा करणाऱ्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "जो लगेच हो म्हणता, तेच्याफुडे प्रश्नचिन्ह."

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
त्रिपुरी पौर्णिमा, त्यात गुरुनानक जयंतीची सुट्टी. सगळे घरी, म्हणून सगळे पक्ष दारी. मतदारसंघ सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग असा तीन तालुक्यांचा. आमचं रेडी गाव त्याच्या पार टोकाला, तेरेखोलपलीकडे गोवा. दीपक केसरकरांचा धनुष्यबाण, राजन तेलींची मशाल, शिवाय विशाल परब आणि अर्चना घारे अपक्ष. शेजारचे आजोबा चिन्हांना वैतागलेत. केसरकर २००९ला घड्याळावर आले, २०१४पासून धनुष्यबाणावर. तेली परवापर्यंत भाजपात होते. "माणसा तीच, चित्रा बदलतत," आजोबा म्हणाले.
मुद्द्याचं बोलली ती एकटी शेजारीण. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर गाडी थेट गोव्यात, बांबोळीच्या रुग्णालयात न्यावी लागते. आपल्या जिल्ह्यात सोय कधी होणार? ज्या कार्यकर्त्याला तिने हे विचारलं त्याने पत्रकाच्या पाठीमागे 'बांबोळी' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, पाणी प्यायला आणि पत्रक ओट्यावरच विसरून गेला.

१८ नोव्हेंबर, सोमवार
सहा वाजता प्रचार थांबला. भोंगे गप्प झाले आणि बऱ्याच दिवसांनी समुद्राची गाज घरात ऐकू आली.

२० नोव्हेंबर, बुधवार
मतदानाची सुट्टी. काकी नवी साडी नेसून सकाळीच जाऊन आली. कुणाला दिलं, विचारलं. "तुका कित्या व्हया?" म्हणाली आणि चुलीकडे वळली.

२३ नोव्हेंबर, शनिवार
केसरकर चौथ्यांदा निवडून आले. 'बांबोळी' लिहिलेलं पत्रक न्यायला अजून कुणी आलेलं नाही. याच वहीत ठेवलंय.