लाटांचें वेळापत्रक

सहलीपेक्षां सहलीचा बेत अधिक रम्य असतो, असें म्हणणाऱ्या लोकांविषयीं मला नेहमींच आपुलकी वाटत आलेली आहे. प्रत्यक्ष सहलींत ऊन लागतें, पाय दुखतात, चिवड्याच्या डब्यांत वाळू जाते. बेतांत यांतलें कांहींच होत नाहीं. कागद, पेन्सिल आणि आगगाडीचें वेळापत्रक एवढें साहित्य मिळालें, कीं माणूस घरबसल्या पंढरपूरपासून काशीपर्यंत कोठेंही जाऊन येऊं शकतो. माझा हा छंद घरच्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणूनच गेल्या डिसेंबरांत मी सिडनीला मुलीकडे राहावयास गेलों असतां, एका दिवसाच्या समुद्रसहलीचा बेत आंखण्याचें काम सर्वानुमतें माझ्याकडे आलें. सहलीचें निमित्त माझी नात. तिला पंधरावें वर्ष लागलें होतें, आणि फळीवर उभें राहून लाटेवर स्वार व्हावयाचें, म्हणजे तिकडच्या भाषेंत सर्फिंग करावयाचें, हा तिचा हट्ट होता.

स्थळ निवडणें अवघड नव्हतें. त्या शहराला महासागराच्या कडेनें पुळणींची माळच आहे. बॉण्डीचें नांव जगभर झालेलें. पण तेथें जावयाचें म्हणजे अर्धी वाट आगगाडीनें व अर्धी बसनें. दक्षिणेकडील क्रोनला येथें आगगाडी थेट जाते, म्हणून जांवईबापूंचा कल तिकडे होता. मी मात्र मॅन्लीवर अडून बसलों. सर्क्युलर की या धक्क्यावरून सुटलेली बोट अर्ध्या तासांत मॅन्लीला लागते, आणि वाटेंत बंदराच्या तोंडाशीं, जेथें दोन कड्यांमधून महासागर आंत डोकावतो, तेथें ती थोडी डोलते. ज्यानें लहानपणीं मे महिन्याच्या सुट्टींत भाऊच्या धक्क्यावरून कोंकणच्या आगबोटींत पाय ठेवलेला आहे, त्यानें हें डोलणें सोडून आगगाडींत बसावें, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

मी बोटींच्या वेळा उतरून घेतल्या, शनिवार ठरविला आणि कागद नातीच्या हातीं दिला. तिनें तो लक्षपूर्वक वाचला आणि विचारलें, "आजोबा, शनिवारी लाटा असतील कशावरून?"

लाट किनाऱ्यावर जन्मत नाहीं. दूर टास्मन समुद्रांत किंवा त्याच्याही दक्षिणेला वादळ उठतें, वारा तासन् तास पाण्यावरून घासत जातो, आणि त्यानें दिलेली शक्ति शेंकडों मैल चालून कित्येकदां दोन-तीन दिवसांनीं किनाऱ्याला पोंचते. चालते ती शक्ति; पाणी बहुतेक जागच्या जागींच वरखालीं होत असतें. दोन लाटांच्या मध्यें दहा-बारा सेकंद गेले कीं पाहुणी लांबची समजावी; चार-पांच गेले तर शेजारच्याच वाऱ्यानें केलेली ती खळबळ. बरें, लाट आली तरी पुळणीचें तोंड तिच्याकडे असावें लागतें. मॅन्लीची पुळण वळणाची आहे. दक्षिणेकडून लाट आली तर तिच्या दक्षिण टोकाला आडोसा मिळतो, आणि उत्तरेचें क्वीन्सक्लिफ मात्र सारा मारा सोसतें. त्यानंतर वारा. खारे वारे आणि मतलई वारे मी शाळेंत पाठ केले होते; साठ-पांसष्ट वर्षांनीं त्यांचा प्रथमच उपयोग झाला. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा येणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतो, त्यामुळें ती ताठ व गुळगुळीत उभी राहते. दुपारकडे ईशान्येचा खारा वारा सुटला, कीं तीच लाट कापसासारखी पिंजून जाते. म्हणून उन्हाळ्यांत जावयाचें तें सकाळीं लवकर. एकंदरीत, आठवडाभर आधीं पक्का करावा असा हा बेतच नव्हे. ज्यांना बेत लग्नपत्रिकेसारखा छापील हवा असतो, त्यांनीं (आमचे जांवईबापू त्यांपैकींच) लाटांच्या नादीं लागूं नये.

पण खरी अडचण वाऱ्याची नव्हती. तिकडे जीवरक्षक किनाऱ्यावर तांबडीं-पिवळीं दोन निशाणें रोवतात. पोहणाऱ्यांनीं त्या दोहोंच्या मध्यें राहावयाचें, कारण त्यांची नजर तेथें असते. सर्फिंगची फळी घेऊन मात्र त्या हद्दींत शिरण्यास मनाई आहे. ती कोणाच्या डोक्यावर आदळूं नये म्हणून. म्हणजे आम्ही सर्व निशाणांच्या आंत, आणि मुलगी तेवढी बाहेर. हें ऐकल्यावर माझ्या लेकीचा आवाज चढला नाहीं. तिनें फक्त अर्धवट जेवलेलें ताट उचललें. आमच्या घरांत त्याचा अर्थ सर्वांना कळतो.

ही भीति तिला माझ्याकडून वारशानें आलेली आहे. रत्नागिरीकडील आमच्या गांवीं माझा थोरला भाऊ सोळाव्या वर्षीं समुद्रांत गेला. त्या दिवशीं उधाण नव्हतें, वादळ नव्हतें. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, आणि मधला एक पट्टा तेवढा शांत, गडद दिसत होता. शहाण्या मुलाप्रमाणें तो त्या शांत पाण्यांत उतरला. "तिथं ओढ आहे," एवढेंच गांवचे कोळी मागाहून म्हणाले. त्यानंतर आई दर नारळीपौर्णिमेला दोन नारळ वाही; एक समुद्राला, आणि एक कोणासाठीं तें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

त्या ओढीचा उलगडा मला वयाच्या पंचाहत्तरीला, नातीनें शाळेंतून शिकून आणलेल्या ज्ञानामुळें झाला. लाटांनीं किनाऱ्याकडे लोटलेलें पाणी परत जावयास वाट शोधतें. वाळूच्या उथळ दांड्यांवर लाटा फुटतात, आणि दोन दांड्यांमधल्या खोल घळींतून तें पाणी माघारी वाहतें. खोलीमुळें तेथें लाट फुटत नाहीं, म्हणूनच तो पट्टा शांत दिसतो. तिकडे त्याला 'रिप' म्हणतात. त्याच्याशीं झुंजत सरळ किनाऱ्याकडे येऊं पाहणारा उत्तम पोहणाराही दमून जातो. तरंगत राहावें, हात वर करून मदत मागावी. अंगांत बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत, जेथें लाटा फुटत आहेत तेथें यावें. हें सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, "पट्टीचे सर्फर त्याच वाटेनं आत जातात, आजोबा. हात मारायचे श्रम वाचतात."

मी कांहीं बोललों नाहीं. माझा भाऊ ज्या वाटेनें गेला ती कोणाची रोजची जाण्याची वाट असूं शकते, हें पचावयास मला ती सबंध रात्र लागली.

समुद्राशीं हा व्यवहार त्या शहरालाही एका दिवसांत जमलेला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथें उघड्या पुळणीवर दिवसाढवळ्या समुद्रस्नान करणें हाच गुन्हा होता. धोक्यामुळें नव्हे, सभ्यतेच्या कल्पनेमुळें. १९०२ सालीं मॅन्लीच्या एका वृत्तपत्राचे संपादक विल्यम गोचर हे आधीं जाहीर करून भर दिवसां पाण्यांत उतरले, आणि पुढच्या वर्षीं मॅन्लीपुरती ती बंदी उठली. (संपादकानें स्वतः भिजून घडवून आणलेली दुसरी सुधारणा मला ठाऊक नाहीं.) लोक समुद्रांत उतरूं लागले तसे बुडूंही लागले, आणि त्यांतूनच जीवरक्षकांचीं मंडळें निघालीं. ६ फेब्रुवारी १९३८ च्या रविवारीं बॉण्डीला एकामागून एक आलेल्या प्रचंड लाटांनीं शेंकडों माणसें खोल पाण्यांत ओढून नेलीं. जीवरक्षकांनीं बहुतेकांना परत आणलें. तरी ५ जण दगावले. नातीनें मात्र याच्या उत्तरादाखल ड्यूक कहानामोकू याला पुढें केलें. हवाईच्या या ऑलिंपिक जलतरणपटूनें १९१४ च्या डिसेंबरांत मॅन्लीपलीकडील फ्रेशवॉटर येथें लाकडाची फळी घडवून लाटांवर उभें राहून दाखविलें. ती फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक मंडळानें अद्याप जपून ठेवली आहे. ज्या संस्थेनें बुडणाऱ्यांना काढावयाचें, तिनेंच ही फळी सांभाळावी, हें मला फार आवडलें.

अखेरीस कागदावर बरीच खाडाखोड झाली. फळीची पहिली शिकवणी शिक्षकाच्या देखरेखीखालीं, कमरेइतक्या पाण्यांत, फुटून आलेल्या पांढऱ्या लाटेंत. जागा मॅन्लीचें आडोशाचें दक्षिण टोक. ओहोटीच्या सुमारास रिप बहुधा अधिक जोर धरते, म्हणून ती वेळ टाळावयाची. शनिवार गेला, सोमवारीं रात्रीं नातीनें हवामान वाचून दाखविलें: दक्षिणेची लहानशी लाट, सकाळीं पश्चिमेचा मंद वारा. माझी लेक ओट्याशीं पाठमोरी उभी होती.

"मी निशाणांच्या बाहेर उभी राहीन," ती म्हणाली. "हिच्या बाजूला. पाण्यात."

"किती पाण्यात?" मी विचारलें.

"तुम्ही मला जाऊ देत होतात तेवढ्या. गुडघाभर."

पहांटे साडेपांचला निघावयाचें ठरलें. बरोबर थालिपिठें घ्यावयाचीं कीं पुरी-भाजी, हा प्रश्न तेवढा रात्रीं उशिरापर्यंत सुटला नव्हता, आणि त्या बाबतींत जांवईबापूंचें मत कोणी विचारील अशीं चिन्हें दिसत नव्हतीं.