दगडांची साक्ष

ऑगस्त साल्झमान हा मूळचा चित्रकार. १८५४ साली तो कॅमेरा घेऊन जेरुसलेमला पोचला तो एका वादात साक्ष काढायला. तिथल्या प्राचीन यहुदी मंदिराच्या आवारभिंतीचे दगड थेट सोलोमन राजाच्या काळातले आहेत, असं फेलिसियाँ द सोल्सी या फ्रेंच विद्वानाचं म्हणणं होतं. त्याची रेखाटनं मात्र लोकांना पटेनात. हातानं ओढलेल्या रेषेत मनातलं थोडंफार उतरतंच. म्हणून साल्झमानने दगडांनाच साक्षीला उभं केलं.

या आवाराच्या पश्चिम भिंतीचं त्याचं छायाचित्र पाहावं. त्या काळी भिंतीपुढे जेमतेम एक बोळ होता. कॅमेरा मागे घ्यायला जागाच नव्हती. त्यामुळे आभाळ नाही, क्षितिज नाही. चौकटभर नुसते दगडांचे थर. प्रत्येक प्रचंड चिऱ्याच्या कडेनं छिन्नीनं खोदलेली सपाट पट्टी, मधला भाग किंचित उचललेला, सांध्यांत साचलेली काळी सावली. चांदीच्या क्षारांत भिजवलेल्या कागदाची निगेटिव्ह उमटायला वेळ घ्यायची, तेवढ्यात हललेला माणूस चित्रातून पुसला जाई. भिंत तेवढी हलत नव्हती.

१८५६ साली ही छायाचित्रं ग्रंथरूपानं निघाली. टाकीचा घावही त्यांत मोजून घ्यावा इतका स्पष्ट. आणि तरीही सोल्सी चुकलाच होता. ते चिरे सोलोमननंतर कित्येक शतकांनी आलेल्या हेरोद राजाच्या काळचे, आणि भिंत मंदिराची नसून मंदिराच्या चौथऱ्याला आधार देणारी.

पण याच आधारभिंतीला इसवी सन ७० मध्ये मंदिर पडल्यापासून पोरका झालेला यहुदी माणूस कपाळ टेकवतो. मुसलमानांच्या श्रद्धेनुसार पैगंबरांनी आपलं दिव्य वाहन, बुराक, इथेच बांधलं होतं. आवाराच्या पूर्वेचा सोनेरी दरवाजा तर शतकानुशतकं चिणलेला आहे. मसीहा येईल तो त्यातूनच, असं मानणारे मानतात. तट परक्याला अडवायला बांधतात खरा. पुढे वाट पाहणंही त्याच्याच वाट्याला येतं.

साल्झमानच्या कॅमेऱ्याच्या काचेनं यातलं काहीही टिपलं नाही, आणि टिपायला ती गेलीही नव्हती. दगड कसा आहे हे तिनं चोख सांगितलं. तो कुणाचा, हे सांगायला माणसं पुढे आली आणि तिथेच भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.