सहा रकाने शून्याचे

मध्य प्रदेशातल्या तिगावहून पांढुर्ण्याला रोज नोकरीसाठी जाणाऱ्यांत आता आम्ही बायकाही बऱ्याच आहोत. मी एका खाजगी कर्ज कंपनीच्या शाखेत आहे. खेड्यांतल्या महिला गटांना कर्ज द्यायचं, हप्ते वसूल करायचे, नवे गट जोडायचे. संत्र्याचा पैसा हातात आला की वसुली सोपी, भाव पडला की दारोदार फिरणं. घरी-बाहेर आम्ही मराठी बोलतो, शाखेतले कागद मात्र हिंदीत.

बाळंतपणाची रजा मला पूर्ण मिळाली, पगारासकट. कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं 12 आठवड्यांची रजा 26 आठवडे झाली, त्याचा लाभ मी घेतला आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खरा प्रश्न उभा राहिला तो मार्च संपल्यावर, पगारवाढीच्या वेळी.

मॅनेजरनी माझ्यापुढे वर्षाच्या टार्गेटचा तक्ता ठेवला. एप्रिल ते मार्च असे बारा रकाने. जून ते नोव्हेंबर, सहाही रकान्यांत शून्य. खाली बेरीज, तिला बारानं भागलेलं, आणि शेजारी शेरा : ‘औसत’. शेरा असा म्हणून वाढ निम्मी, आणि वरच्या जागेसाठी नाव गेलं ते माझ्या हाताखाली काम शिकलेल्या पोराचं. पोरगा मेहनती आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण मी कामावर होते त्या महिन्यांचीच सरासरी काढली, तर माझा आकडा त्याच्यापेक्षा वर येत होता. मी तिथंच मोबाइलवर हिशोब करून दाखवला. मॅनेजर म्हणाले, “मैडम, सिस्टम ऊपर से है.”

घरी सासूबाई म्हणाल्या, “सहा महिने घरी बसून पगार भेटला न बाई, आता आखीन काय पायजे?” त्यांचं मी समजू शकते. त्यांनी बाळंतपणानंतर लवकरच संत्र्याच्या मजुरीवर जायला सुरुवात केली होती. मजुरीवर जाणाऱ्या बाईला आजही अशी पगारी रजा नाही. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळाले तर मिळाले. त्यांच्यापुढे माझं दुःख लहान वाटतं. पण लहान म्हणून ते न्याय्य होत नाही. रजा द्यायची आणि वर्षाअखेरी तीच गैरहजेरी म्हणून मोजायची, हे एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेणं झालं.

कायदा सांगतो, प्रसूतीच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढता येत नाही, तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. वर्षाच्या टार्गेटमध्ये ते महिने कसे धरायचे, हे मात्र त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणी याच फटीत अडकत असतील.

मी हिंदीत अर्ज केला, तक्त्याची प्रत आणि माझा हिशोब जोडून. शाखेत पोच देईनात, म्हणून रजिस्टर पोस्टानं वरच्या ऑफिसला पाठवला. पुढच्या वर्षी बघू, असं तोंडी उत्तर आलं. गेलेल्या वर्षाचा फरक अजून मिळालेला नाही.

शाखेतली दुसरी मुलगी दिवाळीनंतर रजेवर जाणार आहे. रजेचे महिने टार्गेटमधून वगळावेत, असा तिचा अर्ज मी आताच लिहून दिला. मॅनेजरनी त्यावर सही केली, तारखेसकट.