सात कागद आणि एक साक्षीदार

शिकागो शहराच्या वायव्य भागात आमचे बिऱ्हाड ज्या गल्लीत आहे, ती गल्ली जिथे संपते तिथे पुलास्की रोड नावाचा हमरस्ता लागतो, आणि त्या रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत मी अकरा हिवाळे काढले असले, तरी हा पुलास्की कोण, याची चौकशी करण्याची बुद्धी मला कधी झाली नाही. रस्त्यांना नगराध्यक्षांची नावे देण्याचा आपल्याकडील रिवाज डोळ्यांपुढे असल्यामुळे, हाही कोणी बडा मक्तेदार किंवा नगरपालिकेचा सभासद असावा, अशी माझी सोयीस्कर समजूत होती. ती समजूत यंदा नातीने मोडली. काझिमिएझ पुलास्की हा पोलंडमधील घोडदळाचा सरदार. स्वदेशात रशियनांविरुद्धच्या बंडात हरल्यामुळे परागंदा झाला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील झाला आणि १७७९ साली सव्हाना येथील लढाईत जखमी होऊन मेला. या रस्त्याचे मूळ नाव क्रॉफर्ड अव्हेन्यू. ते १९३३ मध्ये बदलले, तेव्हा दुकानदारांनी दावे लावले, आणि तो तंटा थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९५२ साली मिटला. शहराची हद्द ओलांडून उत्तरेस गेले, की तोच रस्ता आजही क्रॉफर्ड या नावाने नांदतो. नामांतराचा वाद आपणच काय तो करतो, असे मानणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही हकीकत ऐकून थोडे हलके वाटले, हे कबूल केले पाहिजे.

नात दहावीत आहे आणि शाळेत तिने ‘एपी युरो’ हा विषय घेतला आहे. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या तोडीचा अभ्यासक्रम शिकण्याची जी सोय कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेने येथे केली आहे, तिच्यातील हा युरोपच्या इतिहासाचा विषय. सुमारे १४५० पासून आजतागायतचा काळ नऊ प्रकरणांत विभागलेला, आणि मे महिन्यात सव्वातीन तासांची परीक्षा: पंचावन्न मिनिटांत पंचावन्न पर्यायी प्रश्न, मग तीन लघुत्तरी, मग कागदपत्रांवरचा एक प्रश्न आणि शेवटी एक निबंध. गुण एक ते पाच. तीन किंवा अधिक पडल्यास कित्येक विद्यापीठे तो विषय झाला असे धरतात. उत्तरे आता हाताने लिहीत नाहीत, संगणकावर टंकतात. त्यामुळे सुवाच्य अक्षरासाठी हाताच्या बोटांवर पट्ट्या खाल्लेल्या आमच्या पिढीची एक तपश्चर्या निष्फळ ठरली, एवढेच माझे दुःख.

मी १९६७ साली एसएससी झालो. आमच्या वेळी इतिहास म्हणजे ‘कारणे द्या’ आणि ‘टीपा लिहा’. पानिपतच्या पराभवाची कारणे गुरुजींनी फळ्यावर लिहून द्यायची, आम्ही ती वहीत उतरवायची आणि मार्चमध्ये जशीच्या तशी परत करायची, जणू काही ती कोणाची तरी ठेव होती. कारणे बरोबर आहेत की नाहीत, ती कोणी ठरवली, ठरवणाऱ्याचा त्यात काही मतलब होता काय, हे विचारण्याची पद्धत नव्हती. कोणी विचारले असते तर त्याच्या पालकांना शाळेत बोलावले गेले असते.

म्हणून नातीच्या टेबलावर तो ‘डीबीक्यू’ नावाचा प्रकार प्रथम पाहिला, तेव्हा मी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. एक प्रश्न, त्याखाली सात कागद. कोणाचे पत्र, कोणाचे भाषण, एखादे चित्र, एखादा कायदा. तासभर वेळ, त्यातली पहिली पंधरा मिनिटे वाचनासाठी. गुण सात. कागदात काय लिहिले आहे ते सांगितले, एवढ्याने काम भागत नाही. तो कागद लिहिणारा कोण, त्याने तो कोणासाठी लिहिला, कोणत्या हेतूने, आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालले होते, यांपैकी काहीतरी निदान दोन कागदांबाबत उलगडून दाखवावे लागते, आणि ते आपल्या मुद्द्याशी जोडावे लागते. नातीला वाटले, आजोबांना हे अवघड वाटते आहे. आता तिला काय सांगावे! महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त होईपर्यंत मी दुसरे केले तरी काय? वहिवाटीचा तंटा आला, की वादीची कैफियत, प्रतिवादीचा जबाब, तलाठ्याचा पंचनामा, जुना फेरफार, शेजाऱ्याची साक्ष, असे पाच-सात कागद पुढ्यात पडत, आणि त्यांतला प्रत्येक कागद शपथेवर खोटे बोलत असूनही त्या सर्वांच्या मधोमध बांध कुठे होता, हे ठरवावे लागे. पंचनाम्यावर पाच पंचांच्या सह्या एकाच शाईने, एकाच वळणाच्या दिसल्या, की पंच जागेवर गेलेच नव्हते, हे समजण्यास युरोपचा इतिहास लागत नाही.

त्यामुळे आम्हा दोघांची या विषयापुरती भागीदारी जमली. मार्चमध्ये सरावासाठी शिक्षिकेने पोलंडच्या फाळणीवर प्रश्न दिला होता, आणि ते सात कागद आम्ही एका रविवारी जेवणाच्या टेबलावर पसरले. त्यांत १७७३ सालचे एक खोदचित्र होते. टेबलावर पोलंडचा नकाशा अंथरला आहे. डाव्या हाताला रशियाची कॅथरिन, तिच्या शेजारी पोलंडचा राजा स्टानिस्लाव, समोर ऑस्ट्रियाचा योसेफ आणि प्रशियाचा फ्रेडरिक. फ्रेडरिक तलवारीच्या टोकाने आपला वाटा दाखवीत आहे, आणि बिचारा स्टानिस्लाव डोक्यावरून घसरणारा मुकुट हाताने सावरतो आहे. या चित्राला ‘राजांचा केक’ म्हणतात. चौघेही उत्तम पोशाखात, कोणाच्या चेहऱ्यावर राग नाही. वाटणीपत्रकावर सह्या करून झाल्यावर चहा मागवणाऱ्या भाऊबंदांची तोंडे मी अशीच पाहिलेली आहेत.

पोलंडच्या संसदेत एक विलक्षण नियम होता. कोणाही एका सभासदाने ‘मला मान्य नाही’ एवढे म्हटले, की केवळ तो ठरावच नव्हे, तर त्या अधिवेशनात आधी मंजूर झालेले सर्व काही रद्द होई. १६५२ मध्ये हा अधिकार प्रथम अशा रीतीने वापरला गेला, आणि मग शेजारच्या राजांना पोलंड जिंकण्याची गरज उरली नाही. एक सभासद विकत घेतला की भागत असे. शिवाय राजा वंशपरंपरेने नव्हे, निवडणुकीने ठरायचा, आणि प्रत्येक निवडणूक म्हणजे परकी पैशाची पेठ. १७७२ मध्ये पहिला लचका तुटल्यावर पोलिश मंडळींना जाग आली. ३ मे १७९१ रोजी त्यांनी नवी राज्यघटना करून तो नकाराधिकार काढून टाकला आणि गादी वंशपरंपरेची केली. घर नीट लागते आहे असे दिसताच शेजारी घाबरले. १७९३ मध्ये दुसरी फाळणी, पुढल्या वर्षी कोश्चुश्को नावाच्या पोलिश सेनानीचे बंड, आणि १७९५ मध्ये उरलेसुरले संपले. त्यानंतर १२३ वर्षे, म्हणजे १९१८ पर्यंत, हा देश नकाशावर नव्हता.

सात कागदांत रूसोचा उतारा होता. पोलंडने आपला कारभार कसा सुधारावा याविषयी पोलिश मंडळींच्याच विनंतीवरून त्याने एक ग्रंथ लिहिला. त्या उताऱ्याच्या समासात नातीने पेन्सिलीने लिहिले: ‘हा पोलंडला कधी गेला नव्हता.’ मी तिला शाबासकी दिली. त्या शाबासकीची किंमत मला पुढे मोजावी लागणार होती, पण ते यथाक्रम.

तिसऱ्या फाळणीचा करार २४ ऑक्टोबर १७९५ चा आहे. ही तारीख वाचून मी थबकलो, कारण त्याच आठवड्यात पुण्यात शनिवारवाड्यावर सवाई माधवराव वरून पडून जबर जखमी झाले आणि २७ ऑक्टोबरला त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला होता; सगळे सरदार एका निशाणाखाली लढल्याचा तो अखेरचा प्रसंग. पुढे गादीचा वारस ठरवण्यात जी कारस्थाने झाली, त्यांत प्रत्येक सरदाराचा एक नकाराधिकार होताच, फक्त तो कोठल्या नियमात लिहिलेला नव्हता. मी उत्साहाने हे सर्व नातीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण आजोबा, याने ते झालं का? की दोन्ही फक्त एकाच वेळी झालं?” मी म्हटले, एकाच वेळी झाले. ती म्हणाली, “मग मला याचे मार्क मिळणार नाहीत.”

परीक्षा मे महिन्याच्या आरंभी आटोपली. शाळा मात्र जूनपर्यंत चालते, आणि परीक्षा झालेल्या मुलांना महिनाभर वर्गात बसवून ठेवणे ही शिक्षकवर्गाची कसोटी असल्यामुळे, शिक्षिकेने एक प्रकल्प दिला: विसाव्या शतकातील युरोपशी संबंध आलेल्या आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या माणसाची साक्ष घ्या, आणि तिचे कागदाप्रमाणेच परीक्षण करा. वर्गातील बऱ्याच मुलांची पणजी-पणजोबा मंडळी पोलंडची, लिथुआनियाची, युक्रेनची. नात हिरमुसून घरी आली. “आपलं युरोपमध्ये कोणीच नाही.”

तेव्हा मी तिला वळिवडे सांगितले.

१९४० साली सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लक्षावधी माणसे उचलून सायबेरियाकडे आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढे जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर राजकारण पालटले, त्यांची सुटका झाली, आणि त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. कोल्हापूर संस्थानात, शहराजवळ वळिवडे येथे, त्यांच्यासाठी छावणी वसवली. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, तिथे राहिली. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर सगळे होते. युद्ध संपले तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांची गावे सोव्हिएत हद्दीत गेलेली होती, म्हणून परतायचे तर कुठे, हा प्रश्नच होता. ती गेली, आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित येऊन राहिले. आजचे गांधीनगर ते हेच. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या पोलिश मंडळींचे स्मारक आहे.

माझ्या आईच्या लहानपणीची एक हकीकत आमच्या घरात प्रसिद्ध आहे. उन्हातान्हाची एक पोलिश बाई दारापुढच्या पायरीवर टेकली, आजीने तिला तांब्याभर ताक दिले, आणि आठ दिवसांनी ती बाई पुन्हा येऊन एक भरतकामाचा रुमाल देऊन गेली. पांढरा रुमाल, कोपऱ्यात लाल कोंबडा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी ही हकीकत आयुष्यात शंभरदा सांगितली असेन, आणि ताकाच्या प्रसंगी माझा आवाज नेमका कुठे भरून येतो, तेही मला ठाऊक आहे.

नातीने ती फोनवर ध्वनिमुद्रित केली. मग वही उघडली.

“तुम्ही तेव्हा जन्मला होतात का?”

“मी एकावन्नचा.”

“छावणी अठ्ठेचाळीसला बंद झाली.” तिने लिहिले. “रुमाल कुठे आहे?”

“आईच्या ट्रंकेत होता. म्हणजे, असावा.”

“तुम्ही पाहिला?”

तीस वर्षे साक्षी तपासलेल्या माणसाला आपण उलटतपासणीत कोसळत आहोत, हे ओळखता येते. कोंबडा लाल होता, हे मला पक्के ठाऊक होते. पण तो मी डोळ्यांनी पाहिला की आईच्या तोंडून, याची रुजवात मनाशी काही केल्या लागेना. दोन दिवसांनी परीक्षणाचा मसुदा तिने मला तपासायला दिला. त्यात ‘हेतू’ या सदराखाली एक वाक्य होते: साक्षीदाराला आपले कुटुंब दयाळू होते, असे ऐकणाऱ्याला वाटावे अशी इच्छा आहे. आणि खाली: साक्षीदार स्वतः तिथे नव्हता. रूसोच्या समासात जी पेन्सिल फिरली होती तीच. मी निमूटपणे शुद्धलेखन तपासून कागद परत केला. थोडे लागले, हे लपवीत नाही.

पण त्याहून अधिक लागले ते पुढचे. तिने सहज विचारले, “तुम्ही ऑफिसमध्ये असताना ते गांधीनगर तुमच्याकडेच होतं ना? मग तिथल्या कागदांत काय होतं?” होते. हद्दीचे नकाशे, मोजणीच्या नकला, बराकींच्या जागांचे उतारे, सारे माझ्या टेबलावरून गेलेले. एका जुन्या नकाशावर आखीव लांबट चौकोनांच्या रांगा होत्या, हेही मला आठवते. त्या चौकोनांत कोण राहत होते, हे मी कुणाला कधी विचारले नाही. आता कोण राहतो आणि त्याचा दाखला आहे की नाही, एवढ्यापुरतेच माझे काम होते. घरी ताकाची गोष्ट सांगायची, आणि कचेरीत तोच नकाशा घडी करून दप्तरात बांधायचा. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

त्या रात्री साडेनऊला, म्हणजे कोल्हापुरात सकाळी आठला, मी एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तोही निवृत्त, पण पुतण्या अजून खात्यात आहे. नकाशाचे वर्णन केले. तो म्हणाला, “साहेब, कागद असला तर रेकॉर्ड रूममध्ये असणार. पण नक्कल पाहिजे तर रीतसर अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा. आता तुम्ही साहेब नाही, पक्षकार.” मग अर्जाचा मजकूर त्याने मला तोंडी सांगितला, जणू मी तो कधी पाहिलाच नव्हता: अर्जदाराचे नाव, पत्ता, गट क्रमांक माहीत असल्यास, आणि नक्कल कोणत्या कारणासाठी हवी.

अर्ज मी दुसऱ्या दिवशी स्वच्छ हाताने लिहून काढला. नात शेजारी बसून पाहत होती. कारणाच्या ओळीपाशी मी थांबलो, तेव्हा तिने विचारले, “हा कागद कोण वाचणार आहे?”

“कारकून.”

“मग त्याला पटेल असं लिहा,” ती म्हणाली, “पण खरं.”