आधी डाव बघा

रविवारी दुपारी जेवणं झाली, दस्तरखान उचलला की आमच्या घरात त्याच जागी पत्ते मांडले जातात. भाचा शिकायला पुण्यात माझ्याकडे राहतो. त्याचे दोन मित्र येतात, एक साताऱ्याचा, एक नागपूरचा. चौथा भिडू कमी पडतो म्हणून मला बसवतात. पहिल्या दिवशी बायकोने दारातूनच विचारलं होतं, "पैसे लावत नाही ना रे?" आमच्याकडे पत्ते म्हणजे जुगार, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. भाच्याने तिला एक पत्ता दाखवला. त्यावर ड्रॅगन होता. "हे तर पोरांचं दिसतंय," म्हणत ती चहा ठेवायला गेली.

खेळाचं नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणित शिकलेल्या माणसाने तो रचला आणि १९९३ मध्ये तो बाजारात आला. प्रत्येक भिडू म्हणजे एक मांत्रिक. जमिनीच्या पत्त्यांतून शक्ती मिळवायची, ती खर्चून प्राणी आणि मंत्र मांडायचे. आम्ही खेळतो तो प्रकार 'कमांडर'. प्रत्येकाचे शंभर पत्ते, त्यातला एक सेनापती. साध्या जमिनी सोडल्या तर कुठलाही पत्ता दोनदा घ्यायचा नाही. प्रत्येकाचे ४० प्राण. शेवटी जो उरेल तो जिंकला.

मी सुरुवातीला लाल रंगाचा डेक घेतला. छोटे छोटे गॉब्लिन, भराभर मांडायचे आणि तुटून पडायचं. दोघांच्या खेळात हे चालतं, कारण तिथे समोरच्याचे २० प्राणच संपवायचे असतात. इथे तिघांचे मिळून १२०. मी एकाला गारद केलं तोवर माझा हात रिकामा झाला होता. बाकीच्या दोघांनी तोपर्यंत शांतपणे जमिनी मांडल्या होत्या. त्यांनी मला दोन फेऱ्यांत संपवलं.

मग निळा डेक घेतला, दुसऱ्याचे मंत्र अडवणारा. त्यातही हिशेब चुकला. मी एक पत्ता खर्चून एकाचा एक पत्ता अडवला, म्हणजे आम्ही दोघं एकेक पत्त्याने गरीब झालो आणि उरलेले दोघं काही न करता पुढे गेले. म्हणून चौघांच्या खेळात 'रॅथ ऑफ गॉड'सारख्या पत्त्याला मोल आहे. तो एकटा सगळ्यांचे सगळे प्राणी मारतो, आपलेही.

साताऱ्याच्या मुलाचा डेक वेगळाच. तो काही करत नाही असं वाटतं. मग एका फेरीत दोन पत्ते जुळतात आणि तिघंही एकदम संपतो. हे त्याने आमच्यासमोर एकदाच केलं, पण तेव्हापासून दर रविवारी पहिला मार त्यालाच. तो दुसरा, साधा डेक घेऊन आला तरी. नागपूरचा मुलगा सगळ्यांत हुशार. तो 'हाउलिंग माइन' मांडतो, त्यामुळे प्रत्येकाला दर फेरीला एक पत्ता जास्त मिळतो. देणाऱ्याला कोण मारणार? शिवाय पुढ्यात 'प्रोपगंडा'. त्याच्यावर सोडायच्या प्रत्येक प्राण्यामागे दोन शक्ती मोजाव्या लागतात. सगळे दुसरीकडे वळतात. जास्तीत जास्त डाव तोच जिंकतो.

चौघांच्या खेळात डेक किती जबर आहे याच्याइतकंच महत्त्वाचं असतं ते धोका कोण वाटतो. खेळाडू याला 'थ्रेट असेसमेंट' म्हणतात.

दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. साताऱ्याच्या मुलापुढे चार जमिनी आणि एक बारकासा पक्षी. नागपूरवाल्यापुढे अख्खी फौज. मी माझे सगळे प्राणी सातारकरावर सोडले.

"मामू, त्याच्यावर का?" भाच्याने विचारलं.

"त्याचा काय भरवसा? कधी काय करेल सांगता येत नाही."

पुढच्या फेरीत नागपूरवाला जिंकला. साताऱ्याच्या मुलाने हसत हातातले पत्ते उलटे केले. सगळ्या जमिनी होत्या.

मित्र गेल्यावर भाचा पत्ते आवरत होता. खाली मान घालूनच म्हणाला, "मामू, गेल्या आठवड्यात आम्ही तिघं फ्लॅट बघायला गेलो होतो. घरमालकाने नावं विचारली. माझं नाव ऐकल्यावर या दोघांना म्हणाला, तुम्ही दोघं या. त्याचं तसं काही नाही, पण भरवसा काय?"

"मग?"

"हा साताऱ्याचाच म्हणाला, तिघं नाही तर कुणीच नाही. आम्ही निघून आलो."

मी गप्प बसलो. दोन्ही गोष्टी मी एका तराजूत घालत नाही. पत्त्यात हरलं तर पत्ते पिसून पुन्हा बसता येतं. शिवाय त्या मुलाने निदान एकदा तरी आम्हाला संपवलं होतं, माझ्या भाच्याने त्या मालकाचं काय केलं होतं? पण शब्द तोच होता, भरवसा. आणि तो माझ्या तोंडून सहज निघाला होता.

याच खेळाचा पहिला विस्तार संच १९९३चा, 'अरेबियन नाइट्स'. त्यात शहरजादच्या नावाचा पत्ता आहे. तो खेळला की चालू डाव थांबवून आत दुसरा डाव सुरू करायचा, तिच्या गोष्टीत गोष्ट असते तसा. त्याच संचात 'जिहाद' नावाचाही पत्ता होता. एक प्रतिस्पर्धी आणि एक रंग निवडायचा. त्याच्यापुढे त्या रंगाचा पत्ता आहे तोवर सगळे पांढरे प्राणी जास्त बळकट. जून २०२० मध्ये कंपनीने सात पत्ते बाद केले, त्यांत हा होता आणि 'क्रुसेड'ही होता. दोघं एकदमच गेले याचं मला बरं वाटलं. पण रंग बघून माणूस निवडायची सवय पत्ता बाद करून जात नाही. माझीही गेली नव्हती.

आता मी हल्ला करण्याआधी विचारतो, तुझ्या हातात किती पत्ते, पुढ्यात काय काय आहे. खेळात हे विचारायची मुभा आहे. गेल्या रविवारी सगळं मोजून मी नागपूरवाल्यावर गेलो. तो ओरडला, "मामू, मी तर सगळ्यांना देतो!" साताऱ्याच्या मुलाने वर पाहिलं, बोलला काही नाही. दोन फेऱ्यांनी त्याचे दोन पत्ते जुळले आणि आम्ही तिघंही संपलो.

बायको चहा घेऊन आली. "कोण जिंकलं?" मी त्याच्याकडे बोट दाखवलं. तिने पहिला कप त्याला दिला.

तिघांना अजून फ्लॅट मिळालेला नाही. शोधतायत.