पायाखालचं पाणी

विंचेस्टर, शनिवार, 7 फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

फोटो पाठवले की तुम्ही अंगठा पाठवून मोकळे होता, म्हणून या खेपेला कागद-पेन घेऊन बसलेय. साउदॅम्प्टनचं काम शुक्रवारीच आटपतं. तिथून विंचेस्टर ट्रेननं वीसेक मिनिटांवर. इथलं कॅथेड्रल बघायला लोक येतात ते बहुतेक जेन ऑस्टिनच्या थडग्यासाठी. मी आले ते तळघरात पाणी भरतं असं वाचून. खडकवासल्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलीकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार?

तर पाणी होतं. हिवाळ्यात तळघरात उतरू देत नाहीत, दाराशी जरा पुढे जाऊन उभं राहायचं आणि बघायचं. बुटके, जाडजूड खांब, त्यांच्यावर अर्धगोल कमानी, आणि खाली गुडघाभर नितळ पाणी. पाण्यात एक माणूस उभा आहे, ओंजळीतल्या पाण्याकडे खाली मान घालून बघत. अँटनी गॉर्मली या शिल्पकारानं 1986 मध्ये स्वतःच्याच शरीराचा साचा घेऊन, वर शिशाचा पत्रा चढवून तो केला. शेजारच्या बाई डोळे टिपत होत्या. मी मात्र पातळी मोजायची पट्टी कुठे लावलीय ते शोधत होते. दिसली नाही.

हे पाणी वरून येत नाही, खालून चढतं. गाव इचेन नदीच्या खोऱ्यात आहे आणि भोवतालच्या टेकड्या खडूच्या पांढऱ्या दगडाच्या. पाऊस त्यात मुरतो, सावकाश खाली उतरतो, आणि हिवाळ्यात खोऱ्यातली भूजलाची पातळी तळघराच्या फरशीच्या वर येते. आपल्यासारखा लोंढा नाही, गढूळपणा नाही, आवाज नाही. पंचवीस वर्षं इंजिनीयर म्हणवून घेतल्यावरही असलं पाणी पाहिलं की मला लोंढ्यापेक्षा जास्त धास्ती वाटते.

मग इतकं प्रचंड बांधकाम या दलदलीत कशाला केलं? कारण जागा आधीच पवित्र ठरलेली होती. सातव्या शतकापासून इथे सॅक्सन लोकांचं जुनं चर्च होतं आणि त्यांचे राजे त्यात पुरले जात. 1066 मध्ये नॉर्मन आले, त्यांनी देश जिंकला आणि वेसेक्सच्या या जुन्या राजधानीत आपला शिक्का मारायला घेतला. वॉकेलिन नावाच्या बिशपनं 1079 मध्ये नव्या चर्चचं काम सुरू केलं. 1093 मध्ये भिक्षू नव्या इमारतीत राहायला गेले आणि जुनं पाडून टाकलं. त्याच्या पायाची रेघ आता हिरवळीवर विटांनी आखून ठेवली आहे. मुलं तिच्यावरून तोल सांभाळत चालत होती.

वॉकेलिनची एक गोष्ट सांगतात. छपराला लाकूड हवं म्हणून त्यानं राजाकडे अर्ज केला. राजा म्हणाला, चार दिवस आणि चार रात्रींत हेम्पेजच्या रानातून नेता येईल तेवढं ने. यानं गावोगावचे सुतार गोळा केले आणि मुदतीत अख्खं रान साफ केलं. राजा भयंकर चिडला म्हणे. आपल्याकडच्या ठेकेदारांच्या कानावर हे घालू नका.

आईला सांगा, थंडी आहे पण स्वेटर पुरेसे आहेत.

तुमची धाकटी


विंचेस्टर, रविवार

ती. बाबा,

काल रात्री इथेच राहिले, म्हणून आज सगळं निवांत बघितलं.

आपल्याकडे पाया म्हणजे माती काढा, मुरूम काढा, कातळ लागला की झालं. भुलेश्वरचं देऊळ तर डोंगराच्या माथ्यावरच बसलेलं. वेरुळच्या कैलासाला पाया घालायचा प्रश्नच आला नाही, तो डोंगरातूनच वरून खाली कोरत आणला. इथल्या गवंड्यांच्या नशिबी कातळ नव्हता. वर माती, तिच्याखाली चिकट गाळ, मग पीटचा थर, म्हणजे हजारो वर्षांची अर्धवट कुजलेली झाडंझुडपं, स्पंजासारखी दबणारी. त्याखाली कुठे गोट्या-वाळूचा घट्ट थर. तिथवर जायचं तर पाण्यात खणायला हवं, आणि अकराव्या शतकात पाणी उपसायचं साधन म्हणजे बादली. त्यांनी हात टेकले आणि गाळावरच भिंती चढवल्या.

तरी बांधकामाचा आकार बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 170 मीटर. युरोपातल्या सगळ्यांत लांब मध्ययुगीन कॅथेड्रलांमध्ये हे मोडतं. दगड वाइट बेटावरून होड्यांनी आणला. आराखडा क्रुसाचा, आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या त्या हातांमध्ये नॉर्मन काम जसंच्या तसं टिकलंय: अर्धगोल कमान, तिच्यावर कमान, तिच्याही वर कमान. दागिना एकही नाही. मला सगळ्या इमारतीत हाच भाग आवडला, आणि मार्गदर्शक आजोबांनी नेमका तोच दोन मिनिटांत उरकला.

मधला मनोरा 1107 मध्ये कोसळला. सात वर्षं आधी त्याच्याखाली विल्यम रूफस नावाच्या राजाला पुरलं होतं. राजा धर्माच्या बाबतीत बेदरकार, त्यामुळे त्याच्या पापानं मनोरा पडला असं लोकांनी ठरवून टाकलं. त्याच काळातल्या माल्म्सबरीच्या विल्यम नावाच्या भिक्षूनं मात्र लिहून ठेवलंय की बांधकामच कच्चं होतं, राजा तिथे पुरला नसता तरी मनोरा पडला असता. बाराव्या शतकात चौकशी समितीचा इतका सरळ अहवाल! मनोरा पुन्हा बांधला तेव्हा खांब इतके जाड केले की आज ते मधली वाट अडवतात.

मुख्य दालनात शिरलं की मात्र काळच बदलतो. मूळ दालन नॉर्मन, जड. चौदाव्या शतकात बिशप एडिंग्टननं पश्चिमेकडून ते नव्या तऱ्हेनं करायला घेतलं. पुढे विकहॅमचा विल्यम बिशप झाला आणि 1394 पासून विल्यम विनफर्ड या पाथरवटानं ते काम हाती घेतलं. त्यानं सगळं पाडलं नाही. कितीतरी जागी जुना नॉर्मन खांब तसाच ठेवून वरचा दगड तासला, त्यावर उभ्या बारीक रेषा काढल्या आणि वर टोकदार कमानी फिरवल्या. आत अकराव्या शतकाचा गाभा, बाहेर चौदाव्याची कांती.

टोकदार कमानीचं गणित तुम्हाला सांगायला नको. अर्धगोल कमानीची उंची रुंदीला बांधलेली. टोकदार केली की उंची हवी तेवढी घ्या, आणि बाजूला ढकलणारा जोरही कमी होतो. छताचं वजन दगडी बरगड्यांतून खांबांवर उतरतं, मग मधल्या भिंतीत काचा बसवायला मोकळीक. आपल्या हेमाडपंती देवळांत ही भानगडच नव्हती. तिथे खांबावर तुळई, तुळईवर दगडांचे थर पुढे सरकवत छत मिटवायचं. सगळा भार सरळ खाली. म्हणून तिथे आत अंधार आणि गारवा, इथे उजेड आणि उंची. आणि म्हणूनच इथे पाया जरा हलला की वरची कमान तक्रार करते.

पश्चिमेची मोठी खिडकी नुसत्या तुकड्यांची आहे. 1642 मध्ये यादवी युद्धात संसदेचे सैनिक आत घुसले, सॅक्सन राजांच्या अस्थींच्या पेट्या फोडल्या आणि हाडं फेकून काचा फोडल्या असं सांगतात. पुढे लोकांनी काचेचे तुकडे गोळा करून खिडकी पुन्हा भरली, पण चित्र जुळवायच्या फंदात पडले नाहीत. कुठे चेहऱ्याचा तुकडा, कुठे पंखाचा, बाकी नुसते रंग. हाडंही तशीच पेट्यांत परत भरली. अलीकडे शास्त्रज्ञांनी ती तपासली तेव्हा सहा पेट्यांत किमान 23 माणसं निघाली.

ताईला सांगा, जेन ऑस्टिनच्या 1817 च्या शिळेवर तिच्या कादंबऱ्यांबद्दल एक अक्षर नाही. तिच्या गुणांची, बुद्धीची स्तुती आहे. कादंबऱ्या लिहायची हे गावाला नंतर कळलं असावं.

धाकटी


साउदॅम्प्टन, बुधवार

ती. बाबा,

तुमच्यासाठी राखून ठेवलेला भाग आता लिहिते. जेवून, चष्मा लावून वाचा.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप डी ल्यूसीनं चर्च पूर्वेकडे वाढवलं. स्विदन नावाच्या संताच्या दर्शनाला गर्दी होत असे, तिला जागा हवी होती. (हा स्विदन आपल्या पुनर्वसू-पुष्यासारखा. 15 जुलैला पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो म्हणतात. मरताना त्यानं सांगितलं होतं, मला उघड्यावर पुरा, अंगावर पाऊस पडू दे. लोकांनी 971 मध्ये त्याला आत आणलं.) पूर्वेकडची जमीन आणखीच ओली. तेव्हा बीचच्या झाडांचे ओंडके आडवे टाकून त्यांच्यावर भिंती उभ्या केल्या. पाण्यात पुरतं बुडालेलं लाकूड कुजत नाही, हे खरं. पण खालचा पीट दबत राहतो. सातशे वर्षं तो दबत राहिला.

दक्षिणेकडून भिंतीला भिक्षूंच्या ओवऱ्यांचा टेकू होता. सोळाव्या शतकात मठ बंद झाला आणि पुढे त्या ओवऱ्याही पाडल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंती बाहेर झुकल्या, छताला चिरा पडल्या, काही भेगांत घुबडं बसतील अशी स्थिती झाली. आपल्या खडकवासला धरणावर विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये बसले. त्यानंतर दोनच वर्षांनी इथे वास्तुविशारद जॅक्सन आणि इंजिनीयर फ्रान्सिस फॉक्स चाचणीचा खड्डा खणून डोक्याला हात लावून बसले होते.

खड्डा खणला की पाणी भरे. पंप लावला तर पाण्याबरोबर वाळू आणि गाळ वर येई, म्हणजे उपसा करून आपणच पाया पोकळ करायचा. फॉक्सनं तोडगा काढला: पाणी उपसायचंच नाही, पाणबुड्या उतरवायचा.

विल्यम वॉकर हे त्याचं नाव. 1906 ते 1911, रोज सुमारे सहा तास. दक्षिण आणि पूर्व बाजूंना भिंतीखाली एकामागून एक असे 235 खड्डे घेतले, पाणी वीस फुटांपर्यंत खोल. पीटमुळे पाणी इतकं काळं की दिवा नेऊनही उपयोग नाही. सगळं काम हातानं चाचपून. थोडीथोडी लांबी घेऊन तो पीट काढी, घट्ट थर लागला की त्यावर काँक्रीटची पोती अंथरी, ती फाडून घट्ट बसू देई. अशानं तळ बंद झाला की मगच पंप. मग कोरड्या खड्ड्यात गवंडी उतरत आणि ठोकळे, विटा रचत जुन्या पायाच्या पोटापर्यंत येऊन भिडत. एकूण पंचवीस हजारांवर पोती, सुमारे 1 लाख 15 हजार काँक्रीटचे ठोकळे आणि 9 लाख विटा. पोशाख इतका अवजड की मधल्या सुट्टीत तो उतरवत नसे, फक्त शिरस्त्राण काढून पाइप ओढी. शनिवार-रविवारी सायकल मारत क्रॉयडनला घरी जाई असं सांगतात. ते अंतर शंभर किलोमीटरवर भरतं!

पोत्यांचं वाचताना पानशेत आठवल्याशिवाय कसं राहील? 12 जुलै 1961. बांधावर जवान वाळूची पोती रचत होते, पानशेत गेलं, मग आपलं खडकवासलाही फुटलं, हे तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलंय. तिथे हाताशी काही तास होते. इथे साडेपाच वर्षं मिळाली, कारण पीट हळूहळू दबतो आणि बांध एकदम जातो.

पाया झाल्यावर जॅक्सननं दक्षिण भिंतीला तिरके दगडी धिरे दिले, ज्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात. पाहुणे त्यांच्यासमोर उभे राहून मध्ययुगीन म्हणून फोटो काढतात. ते 1912 च्या आसपासचे आहेत, आपल्या गेटवे ऑफ इंडियाचा पायाही त्यानंतरच्या वर्षी घातला! बनावट म्हणून मला ते खटकले नाहीत. विनफर्डनं 1394 मध्ये तरी दुसरं काय केलं होतं?

15 जुलै 1912, स्विदनच्याच दिवशी, आभाराची प्रार्थना झाली. दिल्ली दरबार आटोपून वर्षही न झालेला पंचम जॉर्ज आला आणि वॉकरला चांदीचं पात्र दिलं. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वॉकर गेला. 1964 मध्ये त्याचा पुतळा बसवला, आणि त्याला चेहरा दिला फॉक्सचा! जुन्या फोटोत कोण कोणता ते कुणी नीट पाहिलंच नव्हतं. खरा चेहरा असलेला पुतळा 2001 मध्ये आला. पाणबुड्याच्या अंगावर साहेबाचं डोकं सदतीस वर्षं राहिलं, यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, ते आईसमोर म्हणू नका.

धाकटी


वॉलिंगफर्ड, शनिवार

ती. बाबा,

आज मुद्दाम इथे आले, तुमच्या इंग्लिससाहेबांसाठी. थेम्सकाठचं लहानसं गाव. कॅथेड्रल वगैरे काही नाही. पुण्यात आणि खडकवासल्यात नद्या-कालव्यांच्या प्रतिकृतींवर हयात घालवल्यावर क्लॉड इंग्लिस इंग्लंडला परतले आणि इथे हॉवबेरी पार्कमध्ये ब्रिटिश सरकारची जलसंशोधन संस्था उभी राहिली ती त्यांच्याच हाताखाली. नद्यांच्या वागण्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ मात्र 1949 मध्ये पुण्यातून निघाला. म्हणजे विद्या इकडून तिकडे गेली असं शाळेत शिकवतात, इथे ती उलटी वाहिली. आवाराबाहेरून फेरी मारली, पुलावर उभी राहिले, पावसानं पळवून लावलं.

एक विचारायचं आहे. वॉकरनं दक्षिण आणि पूर्व बाजू सांभाळल्या. बाकीच्या भिंती अजून त्या जुन्या गाळावरच असाव्यात. तळघर कोरडं ठेवायला कायमचा पंप बसवला तर भोवतालची भूजलाची पातळी उतरेल आणि पीट सुकून आणखी बसेल, म्हणून दर हिवाळ्याला पाणी येऊ देणं हेच शहाणपणाचं, असं मला वाटतं. तुम्ही असतात तर काय केलं असतं? आधी छोटी प्रतिकृती करून बघितली असतीत, हे माहीत आहे, पण पीट कशाचा केला असता? लाकडाच्या भुशाचा? कोळशाच्या भुकटीचा? उत्तर फोनवर नको, चित्र काढून पाठवा, आणि या वेळी मोजपट्टीचं प्रमाण लिहायला विसरू नका.

आईला नमस्कार. गुरुवारी पहाटे मुंबईत उतरते.

धाकटी