लोबकोविट्झचा वाडा आणि वसईच्या घंटा

‘आपल्याला जपता येत नाही’ हे वाक्य मराठीत कानावर पडलं की मला त्रास होतो, आणि व्हिएन्नात ते फार वेळा कानावर पडतं. ऑपेरा हाउसच्या मागे आल्बर्टिना संग्रहालय आहे, ते ओलांडलं की लोबकोविट्झ चौक लागतो. सहलीला आलेली आपली मंडळी तिथल्या वाड्यासमोर थांबतात, मान वर करून दरवाजावरचं शिल्प बघतात आणि उसासा टाकतात. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी त्या उसाशाला थेट माझ्या गावाचं नाव जोडलं. ‘हे बघा, आणि आपला वसईचा किल्ला बघा.’ मी दोन पावलांवर उभी होते. त्यांना उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लांबलचक होतं. ते इथे देते.

आधी वाड्याबद्दल. तो १६८५ ते १६८७ या काळात डीट्रिखश्टाइन नावाच्या सरदारासाठी बांधला गेला. स्थपती होता जोव्हानी प्येत्रो टेनकाला. १६८३ साली तुर्कांचा वेढा उठला आणि तटाच्या आत जीव मुठीत धरून बसलेल्या शहराने मोकळा श्वास घेतला. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या खासगी वाड्यांपैकी हा एक. समोरच्या चौकात पूर्वी डुकरांचा बाजार भरायचा. आज सगळे ज्याचे फोटो काढतात ते प्रवेशद्वार मात्र टेनकालाचं नाही. ते १७१०च्या सुमारास योहान बर्नहार्ड फिशर फॉन एर्लाखने घडवलं. लोबकोविट्झ घराणं अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे आलं, आणि वाडा संगीताच्या इतिहासात गेला तो या घराण्याच्या सातव्या प्रिन्समुळे.

हा प्रिन्स, योझेफ फ्रान्झ माक्सिमिलियन, १७७२ सालचा. कमरेच्या दुखण्यामुळे कुबडी घेऊन चालायचा, व्हायोलिन वाजवायचा, खर्जात उत्तम गायचा. पदरी स्वतःचा वाद्यवृंद होता आणि त्याचा प्रमुख होता आंटोन व्रानित्स्की. हायडनने आपली शेवटची दोन पूर्ण चतुष्टकं याला अर्पण केली, बीथोवनने पहिली सहा. पुढे तिसरी, पाचवी आणि सहावी सिंफनीही याच्याच नावे आहे, पाचवी-सहावी दुसऱ्या एका सरदाराच्या जोडीने. तिसरी, म्हणजे इरॉइका, १८०४ साली याच वाड्यातल्या सभागृहात प्रथम वाजली. लोकांसमोर ती आली ७ एप्रिल १८०५ रोजी, थिएटर आन डेर वीनमध्ये. मधल्या काळात ती प्रिन्सची होती. त्याने पैसे मोजून काही महिन्यांपुरता तिचा हक्कच घेतला होता.

सभागृहाला आता इरॉइका सभागृह म्हणतात. छतावर याकोब फान शुपेनची चित्रं आहेत. पहिल्यांदा आत गेल्यावर खोली लहान वाटते. आपल्याकडच्या एखाद्या मंगल कार्यालयातल्या हॉलइतकीही नसेल. एवढ्या जागेत तीन हॉर्न, ट्रंपेट आणि नगारे! त्या काळात सिंफनीला साधारणपणे दोन हॉर्न असत. इथे बीथोवनला तिसरा हवा होता. पहिल्या तालमीत हॉर्नचा एक प्रवेश इतका अनपेक्षित जागी आला की शेजारी उभा असलेला शिष्य फर्डिनांड रीस ‘वादक चुकला’ असं ओरडला आणि गुरूची थप्पड खाता खाता वाचला. वादक चुकला नव्हता. तसंच लिहिलेलं होतं. मोठ्या सभागृहात इरॉइका ऐकताना आपण तिच्यापासून अंतरावर बसतो. या खोलीत अंतर नावाची गोष्टच नाही. त्या दिवशी ऐकणाऱ्यांच्या छातीत तो आवाज कसा घुमला असेल, हे मला भिंतीला पाठ टेकून उभी राहिल्यावर कळलं.

आता माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक असलेलं वळण येतं. इथल्या कुठल्याही वास्तूपाशी मी गेले की मनात वसईचा किल्ला उभा राहतो. पण या वेळी दोन्हींना बांधणारा धागा मी ओढूनताणून आणलेला नाही. तो तारखांतच आहे.

ऑक्टोबर १८०२मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला तो वसईला पोचला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे त्याने इंग्रजांशी तह केला. शाळेत आपण ‘वसईचा तह’ एका गुणासाठी पाठ केला. त्याच तहाच्या बळावर आर्थर वेलस्ली नावाचा सेनानी बाजीरावाला परत पुण्याच्या गादीवर बसवायला आला, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. असई आजच्या जालना जिल्ह्यात येते. नेमक्या त्याच उन्हाळ्यात आणि शरदात व्हिएन्नाजवळच्या ओबरडोब्लिंगमध्ये बीथोवन इरॉइका लिहीत होता, मनात नेपोलियन ठेवून. नेपोलियनने स्वतःला सम्राट घोषित केल्याचं कळल्यावर त्याने संतापून शीर्षकाचं पान फाडलं, असं रीसने लिहून ठेवलं आहे. एका नकलेवर ते नाव खरवडलेलं आजही दिसतं. कागदाला भोक पडेपर्यंत.

असईचा तो वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला. त्याने स्पेनमध्ये व्हितोरियाला फ्रेंचांना हरवलं, आणि बीथोवनने त्या लढाईवर ‘वेलिंग्टनचा विजय’ लिहिलं. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात ते वाजलं. ज्या माणसाने वसईच्या तहाच्या आधाराने मराठ्यांशी युद्ध केलं, त्याच्या गौरवाचं संगीत इरॉइकाच्या कर्त्याने रचलं! संगीत म्हणून ती रचना मला आवडत नाही. तोफा आणि बंदुकांचा नुसता गलबला आहे, आणि इरॉइकाच्या दुसऱ्या भागातल्या शोकयात्रेशेजारी ती ठेवूही नये. पण व्हिएन्ना आणि वसई ही एकमेकींना अनोळखी शहरं आहेत असं कुणी मला सांगू नये, एवढं तिने सिद्ध केलं आहे.

राहिला जपण्याचा प्रश्न. लोबकोविट्झने काय जपलं? १८०९ साली बीथोवनने व्हिएन्ना सोडू नये म्हणून तिघांनी मिळून त्याला वर्षाला ४००० फ्लोरिन द्यायचं ठरवलं. त्यात या प्रिन्सचा वाटा ७०० होता. दोन वर्षांत सरकारने कागदी पैशाची किंमत पाडली. त्यात संगीत आणि नाटक यांवरच्या खर्चाने प्रिन्स आधीच खोल गेला होता. त्याचे पैसे यायचे थांबले, मालमत्ता कारभाऱ्यांच्या हाती गेली, आणि १८१६ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. वाड्यात पुढे फ्रेंच वकिलात आली, मग चेकोस्लोव्हाकियाची. १९९१पासून तिथे नाट्यसंग्रहालय आहे. घराण्याचा संगीतसंग्रह आज व्हिएन्नात नाही, प्रागमध्ये आहे. म्हणजे मालक बुडाला, वाद्यवृंद विखुरला, कागद दुसऱ्या देशात गेले. राहिलं छप्पर. छप्पर होतं म्हणून खोली राहिली, आणि खोली राहिली म्हणून तिथे पुन्हा कुणी वाद्य घेऊन बसू शकतं.

वसईला छप्पर राहिलं नाही. हे मी मान्य करते, आणि मला त्याचं दुःख आहे. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे आलेलं हे ठिकाण दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी होतं. तटाच्या आत सरदारांची घरं, कप्तानाचा वाडा, जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा पंथांचे मठ आणि चर्चेस होती. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत आजही उभी आहे, खांबांसकट. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यात चढलं की खाली ताडामाडांची गर्दी आणि पलीकडे खाडी दिसते. मे १७३९मध्ये चिमाजीआप्पांनी किल्ला घेतला, नाव बाजीपूर ठेवलं. पोर्तुगीज गेले, आणि चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या.

त्या घंटांचं काय झालं, हे उसासा टाकणाऱ्यांनी बघावं. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर एक घंटा आहे, १७०७ सालची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळाची घंटा १७२१ची. भीमाशंकरला आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला आहे. वसईच्या मोहिमेतून त्या आल्या असं परंपरेने मानलं जातं. आता सालं बघा. मेणवलीची घंटा ओतली गेली तेव्हा बाख बावीस वर्षांचा होता. नाशिकची ओतली गेली त्या वर्षी त्याने ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्राफला आपल्या सहा कॉन्चेर्तोंचं हस्तलिखित अर्पण केलं. फिशर फॉन एर्लाखचं ते प्रवेशद्वार, ज्याच्यासमोर आपली माणसं उसासे टाकतात, ते मेणवलीच्या घंटेपेक्षा वयाने लहान आहे. बरोक काळात ओतलेला तो आवाज महाराष्ट्रात देवळांच्या दारांत टांगलेला आहे. लोलक हाताने हलवून तो कुणालाही ऐकता येतो. तिकीट लागत नाही. ज्यांच्या देवाला पकडून नेलेल्या वस्तू म्हणून त्या आल्या, त्यांनी त्यांच्यावरची मरियामाता खरवडली नाही. हेही जपणंच आहे, आणि ते व्हिएन्नापेक्षा कमी प्रतीचं आहे असं मला वाटत नाही. लूट ही लूटच; आमच्या गावची म्हणून मला ती बोचते. तरीही.

शिवाय आवाज फक्त धातूत राहिला नाही. पापडी, सांडोर, गिरीज, रमेदी, निर्मळ, कुठल्याही गावात रविवारी जा. व्हायोलिन आहे, पेटी-तबला आहे, चार आवाजांत बसवलेलं गाणं आहे आणि शब्द मराठी आहेत. लग्नाच्या मांडवात बायका आमच्या सामवेदी बोलीतली गाणी म्हणतात आणि दारात बँड वाजतो. माझ्या माहेरी नोटेशन वाचणारी माणसं केळीच्या बागेला पाणी सोडून, हात धुऊन तालमीला यायची. ती कुठल्या प्रिन्सच्या पदरी नव्हती.

व्हिएन्नात याच्या सगळ्यात जवळचं मला जे सापडलं, ते लोबकोविट्झच्या वाड्यात नाही, त्याच्या शेजारी आहे. इकडे येणाऱ्यांसाठी नीट सांगते, कारण सहलींच्या कार्यक्रमात हे नसतं. चौकातून आउगुस्टिनर रस्त्याने पुढे निघालात की आउगुस्टिनर चर्च आहे. रविवारी सकाळी अकराची मिस्सा गाठा. तिथे वाद्यवृंद आणि गायकवृंदासह हायडनची, मोझार्टची, शूबर्टची मिस्सा होते, मैफल म्हणून नाही, उपासना म्हणून. तिकीट नसतं, पेटी फिरते. त्यात टाकायचे पैसे वरच्या खिशात ठेवा. अर्धा तास आधी जा, नाहीतर खांबामागे जागा मिळेल. गाणारे मागच्या सज्जावर असतात, म्हणून वळून वळून बघू नका, ऐका. मधल्या बाकांवर आवाज सगळ्यात चांगला मिळतो. फार पुढे बसलात तर शब्द दगडात हरवतात. हिवाळ्यात कोट काढायचा विचारही करू नका, लादीतून गारठा वर चढतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाद्यवृंद कुठल्या रविवारी आहे ते आधी विचारा. फोटो मिस्सा संपल्यावर. आणि बरोबर लहान मूल असेल तर दाराजवळ बसा. इथल्या आज्या रागावत नाहीत, पण वळून बघतात.

याच चर्चमध्ये १८७२ साली ब्रुकनरने आपली एफ मायनरमधली मिस्सा प्रथम सादर केली. आणि इथेच मार्च १८१० मध्ये नेपोलियनचं ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी लग्न लागलं, नवरा स्वतः हजर नसताना. ज्याचं नाव कागद फाटेस्तोवर खरवडलं गेलं, त्याच्या नावाने मंगल घंटा वाजल्या त्या लोबकोविट्झच्या खिडकीतून ऐकू याव्यात इतक्या जवळ.

त्या बाकावर बसून मला दर वेळी एकच गोष्ट हवीशी वाटते. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा. १५९७ साली तो नागासाकीला क्रुसावर मेला. त्याच्या सणाला किल्ल्यातल्या जुन्या चर्चमध्ये लोक जमतात. पुरातत्त्व खात्याचे नियम आहेत, ते असावेत; उघड्या भिंतींवर ध्वनिवर्धकांचा मारा नको. पण माणसांच्या गळ्याने आणि चार व्हायोलिनांनी दगड निखळत नाहीत. धर्मप्रांतातल्या गावोगावच्या गायकवृंदांनी वर्षातले काही रविवार तिथे बिनविजेचं गावं. आणि कुणीतरी, महाविद्यालयातल्या चार मुलांनी जरी मनावर घेतलं तरी होईल, मेणवली, नाशिक, भीमाशंकर, पाली असं फिरून प्रत्येक घंटेचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. तिचा स्वर कोणता, घुमारा किती वेळ टिकतो, वर अक्षरं काय आहेत, हे लिहून घ्यावं. पुजाऱ्यांना विचारून, पहाटेची शांत वेळ गाठून. मग सगळे आवाज एकत्र आणून सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली ऐकावेत. मुद्रणासाठी लागणारं यंत्र आणि प्रवासखर्च माझ्याकडून. काम करायला कुणी तयार असेल तर संपादकांकडे नाव कळवावं.